नॉर्थलँडला घरं हवीच होती

डेट्रॉइटला लागून असलेल्या आमच्या साउथफील्डमधला नॉर्थलँड सेंटर हा मॉल २०१५ मध्ये बंद पडला. शहरानं ती जागा विकत घेतली. पुढे विकासकानं हडसन्सच्या दुकानाची जुनी इमारत न पाडता तिच्यात सदनिका करायचं ठरवलं. ‘बाजाराच्या जागी कसली घरं?’ असं म्हणणारे भेटतात. मला वाटतं, ती पहिल्यापासूनच हवी होती.

नॉर्थलँड १९५४ मध्ये सुरू झालं. आखणी व्हिक्टर ग्रुएनची. नाझी व्हिएन्नात शिरल्यावर १९३८ मध्ये तिथून निसटलेला हा वास्तुकार. मधोमध हडसन्स, भोवती छोटी दुकानं, त्यांच्यामध्ये झाडं, कारंजी आणि शिल्पं असलेले उघडे चौक. गाड्या बाहेर ठेवायच्या, मालाचे ट्रक जमिनीखालच्या बोगद्यातून जायचे. छप्पर सत्तरच्या दशकात आलं.

सांगलीहून सासरे आले की थंडीत मी त्यांना तिथेच नेत असे. तिथे शिल्पकार मार्शल फ्रेडरिक्सचं चुनखडी दगडातलं भलंथोरलं अस्वल होतं, पाठीवर सोनेरी मुलगा. पोरं त्याच्या अंगाशी झोंबायची आणि सासरे जवळच्या बाकावर तासन् तास बसायचे. ‘सूनबाई, काही घेतलं नाही तरी इथं कुणी उठा म्हणत नाही,’ हे त्यांना फार आवडलेलं.

ग्रुएनला हेच हवं होतं, पण त्याच्या जोडीला घरं, कचेऱ्या, दवाखानेही. त्याच्या मागून आलेल्यांनी दुकानं आणि पार्किंग तेवढं उचललं. इकडे डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचं हडसन्सचं मूळ दुकान १९८३ मध्ये बंद झालं, १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याचं खापर एकट्या नॉर्थलँडवर फोडणं अन्यायाचं होईल. महामार्ग, बाहेर गेलेले कारखाने, काळे शेजारी नकोत म्हणून पळालेले गोरे, सगळ्यांचाच त्यात हात. तरी गिऱ्हाईक उपनगरात ओढण्यात नॉर्थलँडचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. शेवटी ग्रुएननंच अशा मॉलचं पितृत्व झिडकारलं.

म्हणून आता नुसत्या सदनिका बांधून भागणार नाही. चौकातली बाकं दुकानदारांच्या मर्जीवर नकोत. ती सर्वांसाठी खुली राहतील हे शहरानं करारात लिहून घ्यावं आणि काही घरांची भाडी आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना झेपतील एवढीच ठेवायला लावावीत.