आधी मोजा, मग खरेदी करा



संगणकावरचा खेळ अडखळू लागला, की तुम्ही मंडळी लगेच निदान करता, "ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय !" मग घरी हट्ट सुरू होतो, वाढदिवसाचे पैसे बाहेर निघतात आणि नवे कार्ड घरात येते. खेळ मात्र पुष्कळदा होता तसाच अडखळत राहतो. असे का व्हावे ?

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैसे बेताचे असतील, तर संगणकाचा कोणता भाग बदलायचा हे जाहिरात पाहून किंवा मित्राच्या सांगण्यावरून ठरवू नये. ते मोजून ठरवावे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. माझ्या पुतण्याला 'सिटीज : स्कायलाइन्स' या २०१५ साली आलेल्या, शहर वसवण्याच्या खेळाचा नाद आहे. त्याचे शहर वाढत गेले तसा खेळ मंदावला. सेकंदाला जेमतेम १८ चित्रे पडद्यावर येऊ लागली. "काका, कार्ड बदलू या," तो म्हणाला. मी पदार्थविज्ञान शिकवतो. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, असे प्रयोगशाळेत मुलांना रोज बजावतो. पण त्या दिवशी काहीही न मोजता मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. भावाने काटकसरीने बाजूला ठेवलेले १४ हजार रुपये खर्च झाले. नवे कार्ड बसले. चित्रे किती झाली ? १९ !

चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी घटकाभर स्वयंपाकघरात चला. आई भाकरी थापते आणि ताई ती भाजते. थापायला दोन मिनिटे आणि भाजायला एक मिनिट लागत असेल, तर तासाला ३० भाकऱ्या होतील. शेजारी दुसरा तवा मांडला, तरी एकही भाकरी वाढणार नाही. ताई फक्त जास्त वेळ रिकामी बसेल. रसायनशास्त्रात हेच सांगतात : अनेक पायऱ्यांच्या अभिक्रियेचा वेग तिच्यातील सर्वांत मंद पायरी ठरवते.

संगणकात थापण्याचे काम प्रोसेसरचे. कोणती गाडी कोठे वळणार, कोणता माणूस कोठे निघाला, याचा हिशेब करून काय चितारायचे ते तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो. कार्ड ते चित्र रंगवते आणि तेवढ्यात प्रोसेसर पुढच्या चित्राच्या तयारीला लागतो. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर दर चित्रामागे दोघांनाही सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. पुतण्याच्या शहरात हजारो नागरिकांचा हिशेब करायला प्रोसेसरलाच सुमारे ५५ मिलिसेकंद लागत होते. मग कार्ड कितीही चपळ असले, तरी सेकंदाला १८-१९ चित्रांच्या पुढे मजल जाणार कशी ?

आता मी आधी करायला हवा होता तो प्रयोग सांगतो. त्याला एक पैसाही लागत नाही. खेळातील एक ठरावीक जागा निवडा. तेथे सेकंदाला किती चित्रे येतात याची तीन वाचने घ्या व सरासरी वहीत लिहा. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा. पिक्सेल २०,७३,६०० होते, ते ९,२१,६०० झाले. कार्डाचे रंगकाम निम्म्याहून कमी झाले. प्रोसेसरचा हिशेब जवळजवळ तेवढाच राहिला. पुन्हा तीन वाचने घ्या. चित्रे बरीच वाढली, तर अडसर कार्डाचा आहे. वाढली नाहीत, तर बहुधा प्रोसेसरचा. चित्रांचा आकडा ६० वर अडून बसला असेल, तर मात्र कोठे मर्यादा घातलेली नाही ना, ते आधी पाहा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, हेही विसरू नका.

खेळ एरवी ठीक चालून मधूनच गचके खात असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये रॅम पाहा. ती काठोकाठ भरत असेल, तर रॅम वाढवणे हाच उपाय. रॅमची एकच पट्टी असेल आणि वेगळे कार्ड नसेल, तर जोडीला तशीच दुसरी पट्टी बसवून चांगला फरक पडू शकतो ; कारण माहितीची ये-जा मग दोन वाटांनी होते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, की खेळ उघडण्याचा वेळ घटतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारे काही नसतेच. पण तिच्यामुळे सेकंदाची चित्रे सहसा वाढत नाहीत.

आणखी एक गोष्ट, तापमान ! प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पुतण्याच्या संगणकातील पंखा धुळीने माखला होता. तो साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली आणि चित्रे १९ वरून २४ झाली. खर्च काही शे रुपयांचा ! पुढे त्याच सॉकेटमध्ये बसणारा, आधीपेक्षा वेगवान असा वापरलेला प्रोसेसर घेतला, तेव्हा ३३ झाली. कोणता प्रोसेसर चालेल, याची यादी मदरबोर्डचा निर्माता देतो. ती वाचल्याशिवाय खरेदी करू नये.

काटकसर एका ठिकाणी मात्र करू नका, ती म्हणजे पॉवर सप्लाय. कार्डाला मदरबोर्डवरच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज थेट पॉवर सप्लायमधून येते. तो कमअस्सल असला, तर इतर भागही धोक्यात येतात.

"सर, एवढी खटपट कशाला ? नवा संगणकच घ्यावा," असे कोणी म्हणेल. घरची ऐपत असेल तर जरूर घ्यावा. पण चांगले चालणारे चार भाग एका भागापायी भंगारात टाकणे मला पटत नाही. शिवाय बहुतेक घरांत हे पैसे दुसऱ्या कोणत्या तरी गरजेला मागे सारूनच येतात. म्हणून हट्ट धरण्याआधी वहीतील दोन ओळींचा तक्ता वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. मागणीला पुरावा असला, की ते नक्की ऐकून घेतात.

आमचे ते १४ हजारांचे कार्ड वाईट नव्हते. ते त्या दुखण्यावरचे औषध नव्हते, एवढेच.