आजार लपवून आईबाप व्हायचं?

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणावं. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, बायको शाळेत शिक्षिका. लग्नाला नऊ वर्षं झालेली. बायकोला कॉलेजात असल्यापासून टाइप वन मधुमेह. फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी इन्सुलिनची पेनं ठेवलेली. मूल दत्तक घ्यायचं असं दोघांनी एकमताने ठरवलं, कागदपत्रं गोळा केली आणि वैद्यकीय प्रमाणपत्रापाशी घोडं अडलं. अर्जदाराला दीर्घकालीन, संसर्गजन्य किंवा प्राणघातक आजार नाही आणि मूल दत्तक घ्यायला तो सक्षम आहे, असं डॉक्टरांनी त्यात लिहून द्यायचं असतं.

सासूबाई म्हणतात, "अगं, साखर हल्ली घरोघरी असते. कशाला गावभर सांगायची? ओळखीच्या डॉक्टरांची सही आण आणि मोकळी हो."

असा सल्ला मायेपोटीच दिला जातो. थायरॉइड, दमा, संधिवात, फिट्स अशी दुखणी सांभाळणाऱ्या कितीतरी घरांत तो दिला जात असेल. पण तो घातक आहे.

नियम काय सांगतो?

'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. २०२२च्या दत्तक नियमावलीनुसार पालक शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिक दृष्ट्या सक्षम हवेत आणि त्यांना जिवावर बेतणारा आजार नसावा. प्रमाणपत्रातला 'दीर्घकालीन' हा शब्द मात्र त्याहून कितीतरी मोठं जाळं टाकतो. आटोक्यातला मधुमेह जन्माचा सोबती असतो, पण तो असलेली बाई रोज पन्नास मुलांचा वर्ग सांभाळते. या दोन शब्दांमधली दरी खोट्या सहीने बुजत नाही. त्यासाठी नेमकी माहितीच पुढे ठेवावी लागते.

आजार कधीपासून आहे, औषध कोणतं चालू आहे, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर किती, डोळे आणि मूत्रपिंडं कशी आहेत आणि रोजच्या कामात काही अडचण येते का, हे सगळं उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्यावं. अर्ज भरण्याआधीच दत्तक संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेविकेशी मोकळेपणाने बोलावं. होकार मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण गृहभेटीच्या वेळी फ्रिजमधली पेनं उघडी पडली, तर आजारापेक्षा खोटेपणाच जास्त नडेल.

शिवाय हे काम एका भेटीत संपत नाही. गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो आणि लहान बाळासाठी अनेकदा त्याहून जास्त थांबावं लागतं. मग चौकशी पुन्हा होते. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते. इतकी वर्षं खोटं निभावून न्यायचं, तर बाळाच्या आनंदाला भीतीचं ग्रहण लागायचं.

परदेशी राहणाऱ्यांसाठी

याच घरातला धाकटा दीर अमेरिकेत असेल आणि त्याला भारतातलं मूल दत्तक घ्यायचं असेल, तर चौकशी आणखी कडक होते. तिला इतिहास आहे. परदेशी मुलं पाठवण्यातल्या गैरप्रकारांबद्दल वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावरच्या १९८४च्या निकालात परदेशी पालकांच्या अहवालात काय काय हवं, याची यादीच न्यायालयाने दिली. तपासण्या, हृदयाची स्थिती, पूर्वीची दुखणी हे सारं त्यात होतं. १९९३च्या हेग करारानेही पालकांचा वैद्यकीय इतिहास मागितला. भारताने हा करार २००३ मध्ये स्वीकारला. अमेरिकेतही गृहभेटीच्या वेळी आजार सांगणं बंधनकारक आहे. लपवलेलं उघडकीला आलं, तर अर्जच फेटाळला जाऊ शकतो.

प्रत्येक देशाचं माप वेगळं असतं. चीनने २००७ मध्ये पालकांच्या लठ्ठपणावरसुद्धा मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये तर त्याने, जवळच्या नातलगांचे अपवाद वगळता, मुलं परदेशी दत्तक देणंच थांबवलं.

तयारी घरातली

समाजसेविकेला निरोगी देव नको असतात. रात्री आईची साखर अचानक उतरली तर बाळाला कोण घेईल, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवावं. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं नवऱ्याला, सासूबाईंना आणि शेजारणीलाही ठाऊक हवीत. शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठायचं. बाळाच्या जागरणात जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ चुकणार नाही, याची वाटणी दोघांनी आधीच करावी. विमा, बचत आणि मुलाचा भार उचलायला तयार असलेला एखादा नातलग, हेही कागदावर आणावं.

आणखी एक गोष्ट विसरू नये. दत्तक देताना बाळाचाही वैद्यकीय अहवाल पालकांच्या हाती येतो. त्यात कमी वजन असेल, हृदयाचं छिद्र असेल, आईच्या आजाराची नोंद असेल. त्या अहवालात काही लपवलेलं नसावं, असं पालकांना वाटणारच. मग स्वतःच्या कागदावरही तोच न्याय लावायला हवा.

म्हणून सुनेने सासूबाईंना समजावून सांगावं, "आई, साखर लपवायची नाही. उलट तुम्हीच ती ओळखायला शिका. बाळाला तुमचीच मदत लागणार आहे." आजीची तयारी तिथूनच सुरू होईल.