सादळलेली मुळी, मोहोरबंद डबी

वनौषधींच्या शुद्धतेची चर्चा बहुधा भेसळ आणि जड धातू यांपाशीच थांबते. साठवणुकीत त्यांवर वाढणारी बुरशी आणि तिने मागे ठेवलेले विष यांची दखल क्वचितच घेतली जाते. पुरती न वाळलेली शतावरी किंवा ज्येष्ठमध गोणपाटात भरून पावसाळाभर ओलसर फरशीवर पडून राहिले की ते सादळते आणि ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही हिरवट-पिवळी बुरशी त्यावर धरते. तिच्या काही वाणांतून ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष तयार होते. त्याचा ‘बी-१’ हा प्रकार यकृतात रूपांतरित होऊन पेशींतील जनुकद्रव्याला चिकटतो, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांना निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. १९७४ मध्ये पंचमहाल आणि बांसवाडा भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, ती याच विषाने. औषधी वनस्पतीही त्यातून सुटलेल्या नाहीत, हे भागलपूर विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ मध्येच दाखवून दिले होते.

मुळीवरची बुरशी झाडून काढता येते, पण विष आत मुरलेले असते. मुळी कुटून तिचे चूर्ण झाले की डोळ्यांना काहीच कळत नाही, आणि काढा उकळल्याने दोष जातो हा समजही खरा नाही, कारण उकळत्या पाण्याच्या उष्णतेला हे विष पुरून उरते.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे पाणी, दमट वाफ, धूर, धूळ आणि उंदीर यांपासून दूर, नीट झाकून शिंक्यावर टांगावीत असे सांगितले आहे, तर शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते. आजच्या नियमांत चूर्णाची मुदत दोन वर्षे आहे. आधुनिक वेष्टन पाहता ती अवास्तव म्हणता येणार नाही. खरी पळवाट वेगळीच आहे: ही मुदत उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे त्याआधी मुळी गोदामात किती पावसाळे पडून होती याचा हिशेब डबीवर कुठेच उमटत नाही. ऋषिमुनींची चित्रे वेष्टनावर छापणाऱ्यांना त्यांचे शिंके तेवढे नको असते.

युरोपीय औषधकोशात एक किलो वनौषधीमागे ‘बी-१’ची मर्यादा दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दोन दशलक्षांश, इतकीच आहे. त्या काटेकोरपणाने कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासणे आणि काढणीचा महिना वेष्टनावर छापणे केंद्राने बंधनकारक करावे, आणि अन्न व औषध प्रशासनाने आपली तपासणी गोदामातल्या गोणीपासून सुरू करावी.