नक्कल हाती आली म्हणून अस्सल टाकावे काय?

गतवर्षी एका देवस्थानच्या महाजनांच्या सभेत आमच्या डोळ्यांदेखत एक ठराव संमत झाला. 'देवस्थानपाशी असलेल्या जुन्या रंगीत स्लाइड्स संगणकावर उतरवून झाल्या असल्याने त्या जपून ठेवण्याचे प्रयोजन उरलेले नाही. सबब त्या काढून टाकाव्यात.' विरोधी मत एकच पडले, ते आमचे. ठरावाची अंमलबजावणी मात्र आमच्या देशात क्वचित दिसणाऱ्या तत्परतेने झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचेपर्यंत तीन पेट्यांपैकी एक केराच्या गाडीतून निघून गेली होती. उरलेल्या दोन आम्ही रीतसर पावती लिहून देऊन ताब्यात घेतल्या. त्या दोन पेट्यांनी आम्हांला जे शिकविले ते वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. आमचा रोख त्या सभेवर नाही. 'स्कॅन झाले, म्हणजे जतन झाले' ही जी समजूत आज घरोघरी आणि संस्थोसंस्थी रुजली आहे, तिच्यावर आहे.

या स्लाइड्स एका भाविक तारवट्याने काढलेल्या. १९६०नंतरच्या दशकात बोटीवरून सुट्टीला येताना तो विलायती रंगीत फिल्म घेऊन येई, जत्रेची पालखी, दीपमाळ आणि जुना लाकडी सभामंडप टिपी, आणि रोल परदेशी धुवून आणी. त्या उतरवून देण्याचे काम एका दुकानाला दिले होते. आम्ही हाती राहिलेली प्रत्येक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून दुकानाने दिलेल्या चित्राशी ताडून पाहिली. एका चित्रात पालखी देवळाला उलटी प्रदक्षिणा घालीत होती! दुसऱ्यात पुरोहिताचे जानवे उजव्या खांद्यावर, म्हणजे ऐन उत्सवात अपसव्य! मूळ स्लाइडमध्ये सर्व यथास्थित होते. दुकानदाराने स्लाइड उलट्या बाजूने यंत्रात घातली, एवढाच काय तो चमत्कार. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पडद्याकडची बाजू कोणती हे छापलेले असते. ते वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही. मूळ वस्तू आमच्या हाती नसती, तर आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाने आमच्या पूर्वजांच्या 'अप्रदक्षिण परंपरे'वर निबंध लिहिला असता.

आता स्लाइड म्हणजे काय, हे थोडे सांगणे अवश्य आहे. निगेटिव्हवरून कागदावर छापलेले चित्र ही मूळ वस्तूची संतती असते. स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच धुवून, कापून, दोन इंची चौकटीत बसविलेली असते. दीपमाळेचा जो प्रकाश त्या रात्री भिंगातून आत शिरला, तो याच चोवीस मिलिमीटर गुणिले छत्तीस मिलिमीटरच्या तुकड्यावर पडला. दुसऱ्या कोणत्याही तुकड्यावर नव्हे. निगेटिव्हच्या छपाईत कमीअधिक प्रकाशाची चूक बरीचशी सावरून घेता येते. स्लाइडला तशी मुभा नाही. प्रकाश थोडा अधिक पडला की समईची ज्योत आणि पांढरे धोतर यांचे कोरे ठिपके उरतात. कमी पडला की गाभाऱ्याचा दरवाजा काळोखात बुडतो. म्हणून स्लाइड घेणारा मनुष्य उजळ भागाचा हिशेब आधी करी आणि मगच बटण दाबी. त्याचा निर्णय त्या तुकड्यात कायमचा नोंदला गेलेला असतो.

या फिल्मांत अग्रपूजेचा मान कोडाक्रोमचा. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघा व्यावसायिक संगीतकारांनी ती सिद्ध केली. १९३५ साली ती चलच्चित्रांसाठी बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी स्लाइड्ससाठी. तिचे वैशिष्ट्य असे की, फिल्मच्या तीन थरांत रंग घडविणारे द्रव्य मुळी नसतेच. ते धुताना बाहेरून घालावे लागते. प्रथम कृष्णधवल चित्र उमटवायचे. मग खालून तांबडा प्रकाश देऊन एका थरात निळसर-हिरवा रंग आणायचा. वरून निळा प्रकाश देऊन दुसऱ्यात पिवळा. शेवटी उरलेल्या थरात किरमिजी. आणि अखेर सारी चांदी काढून टाकायची. हे काम घरच्या न्हाणीघरात होण्यासारखे नव्हते. अमेरिकेत तर धुण्याचे मोल फिल्मच्या किमतीतच बांधलेले असे आणि रोल कोडाककडेच धाडावा लागे. ही मक्तेदारी तेथील सरकारच्या दाव्यात १९५४ साली झालेल्या हुकूमनाम्याने मोडली. याउलट एक्टाक्रोमच्या थरांत रंगद्रव्याचे घटक आधीच असतात. म्हणून आजची ई-६ ही पद्धत सुमारे अडतीस अंश उष्णतेच्या रसायनांत साधारण यंत्रशाळेलाही साधते.

कोडाकने २००९च्या जून महिन्यात कोडाक्रोम बंद केल्याचे जाहीर केले. अखेरच्या काळात कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटो या एकाच ठिकाणी ती धुतली जात असे. तेथेही ३० डिसेंबर २०१० नंतर नवे रोल घेणे थांबले. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅककरी यांच्या हाती देण्यात आला होता, आणि त्यातील काही चित्रे त्यांनी आमच्या मुंबईत व राजस्थानात घेतली, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. एक्टाक्रोम काही वर्षे बंद राहून २०१८ साली परत आली. कोडाक्रोम आली नाही. सारांश, केराच्या गाडीत गेलेली स्लाइड पैसे टाकून पुन्हा मिळण्यासारखी नाही. तो दिवसही गेला, ती फिल्मही गेली आणि ती धुण्याची विद्याही व्यवहारातून गेली.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाळू इच्छीत नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा: आमच्या दमट हवेत स्लाइडवर बुरशी चढते, रंग उडतात, मग नाशिवंत वस्तूचा मोह कशाला? यातील पूर्वार्ध खरा आहे. बुरशी चढते. १९५० आणि १९६०च्या दशकांतील पुष्कळ एक्टाक्रोम स्लाइड्स आज तांबूस पडल्या आहेत. अशा स्लाइड्स सत्वर उतरवून घ्याव्यात, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु कोडाक्रोम अंधारात ठेवली असता रंग टिकविण्यात आपल्या काळच्या इतर रंगीत फिल्मांपेक्षा सरस ठरली आहे. तिला खरा घातक तो प्रोजेक्टरचा दीर्घकाळ पडणारा प्रखर प्रकाश. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसपाशी १९३९ ते १९४४ या काळातील सुमारे सोळाशे सरकारी रंगीत पारदर्शिका आहेत. त्यांच्या प्रती जगाला खुल्या झाल्या. म्हणून त्या संस्थेने मूळ पारदर्शिका कचऱ्यात टाकल्या नाहीत. आणि 'नाशिवंत' म्हणून ज्यांना स्लाइड नकोशी होते, त्यांना पेनड्राइव्ह अमर वाटतो काय? बिघडलेली स्लाइड उजेडात धरली तर निदान बिघडलेली दिसते. बिघडलेला पेनड्राइव्ह काहीच दाखवीत नाही.

दुसरा मुद्दा: उत्तम स्कॅनमध्ये स्लाइडमधले सर्व काही येते. उत्तम स्कॅन म्हणजे कोणता, हे मात्र कोणी सांगत नाही. एका इंचात चार हजार बिंदू या मापाने उतरविलेल्या स्लाइडचे सुमारे दोन कोटी चौदा लाख बिंदू होतात. दुकानाने आम्हांला दिलेल्या चित्रांत त्याचा दहावा हिस्साही नव्हता. स्लाइडमधील गडद सावल्या इतक्या दाट असतात की साध्या यंत्राला त्या नुसत्या काळ्या दिसतात. धूळ पुसण्यासाठी यंत्रे अवरक्त किरणांचा उपयोग करतात. पण कोडाक्रोमचा थर ते किरण अडवितो, आणि यंत्र चित्राचाच अंश धूळ समजून पुसून टाकते. शिवाय कोडाक्रोमसाठी यंत्र मुद्दाम जुळविले नाही, तर चित्रावर निळसर झाक येते. त्यावर दुकानदार आपल्या अभिरुचीनुसार 'सुधारणा' करतो. न्यायालयात नक्कल करणाऱ्या कारकुनाने मूळ दस्तऐवजाची भाषा 'सुधारली', तर त्याची नोकरी राहणार नाही. येथे त्याच कृत्याबद्दल वेगळे शुल्क आकारले जाते!

आणि चौकट? परदेशी यंत्रशाळा त्या पुठ्ठ्यावर फिल्म धुतल्याचा महिना व वर्ष छापीत. तारवट्याने खाली पेन्सिलीने गावाचे व उत्सवाचे नाव लिहिले होते. स्कॅनमध्ये यातील एक अक्षरही नाही. पुराव्याची किंमत जाणणाऱ्यास हे चित्र हरवण्याइतकेच मोठे नुकसान वाटेल.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्याने कायद्याची साक्ष काढणे आम्हांस प्राप्त आहे. १८७२च्या पुराव्याच्या कायद्याने मूळ दस्तऐवजाला प्राथमिक पुरावा म्हटले आणि प्रतीला दुय्यम. मूळ दस्तऐवजाचे छायाचित्र हा दुय्यम पुरावाच, असे उदाहरणही तेथे दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही, कलमे ५७ व ५८ यांत, हा भेद कायम ठेवला आहे. नव्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मोठा मान दिला, हे खरे. पण त्यामुळे स्कॅन हा फार तर स्वतःचा प्राथमिक पुरावा ठरेल, स्लाइडचा नव्हे. मूळ दस्तऐवज स्वतःच्या कसुरीने गमावणाऱ्याकडे कायदा कृपादृष्टीने पाहत नाही, हेही विसरू नये.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण कोडाक्रोमचेच आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती अब्राहम झाप्रूडर या व्यापाऱ्याच्या घरगुती चलच्चित्र-कॅमेऱ्याने टिपली. सुमारे सव्वीस सेकंदांची आठ मिलिमीटर रुंदीची कोडाक्रोमची पट्टी! तिच्या प्रती साऱ्या जगाने पाहिल्या होत्या. तरीही अमेरिकन सरकारने मूळ पट्टी ताब्यात घेतली, तेव्हा १९९९ साली लवादाने तिच्यासाठी एक कोटी साठ लाख डॉलर देण्याचा निवाडा केला. आणि त्यात प्रती काढण्याचा हक्क धरलेला नव्हता. केवळ त्या मूळ पट्टीचे हे मोल. आमच्या सभेत मात्र मूळ पेटीचे मोल रद्दीइतकेही ठरले नाही.

केरात गेलेल्या त्या पेटीत जुन्या सभामंडपाच्या कोरीव खांबांची चित्रे होती. तो मंडप पाडून बरीच वर्षे झाली. आज नव्या मंडपाच्या खांबांना 'मूळचा' रंग देण्याचे काम चालू आहे, आणि रंगाऱ्याच्या हाती नमुना म्हणून तोच निळसर स्कॅन आहे. खांब मुळात हिरवे होते असे काही वृद्ध सांगतात. काही निळे सांगतात. हा वाद मिटविणारा एकमेव साक्षीदार आम्हीच हद्दपार केला.

तेव्हा आमचे मागणे स्पष्ट आहे. स्कॅन अवश्य करा. पण चौकटीसह, दोन्ही बाजूंनी, आणि 'सुधारणा' न केलेली एक प्रत निराळी राखून करा. स्लाइड्स कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. आणि पुढे कोणी 'आता मूळ कशाला?' असे विचारील, तर त्याला घेऊन देवळात जा. पालखीतून मिरवते ती उत्सवमूर्ती. ती गावभर फिरते, सर्वांना दर्शन देते, आणि तिच्या सेवेत कोणी उणे ठेवीत नाही. परंतु उत्सवमूर्ती घडविली, म्हणून गाभाऱ्यातील मूळ मूर्ती उचलून टाकावी, असा ठराव आजवर कोणत्या सभेने केला आहे?