फोनवरची स्मरणपरीक्षा

वयामुळे होणारा विसर कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे सांगू शकणारे तज्ज्ञ प्रत्येक गावात नसतात. बेळगावहून बंगळूर सुमारे 500 किलोमीटर. पंच्याहत्तरीच्या माणसाला रात्रभर बसमध्ये बसवून नेले, तर सकाळी चांगली स्मरणशक्ती असणाराही गोंधळेल. त्यामुळे 2020 च्या कोरोनाकाळापासून व्हिडिओवरून किंवा फोनवरून स्मरणशक्ती तपासण्याची पद्धत बरीच रुळली. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : असल्या तपासणीवर विश्वास ठेवायचा का?

माझे उत्तर आहे, ठेवावा. पण घराने पथ्य पाळले तरच.

या तपासणीत सुई नाही, यंत्र नाही. आज वार कोणता, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, एका मिनिटात आठवतील तेवढी जनावरे सांगा, असे प्रश्न असतात. नुसत्या टेलिफोनवरून घ्यायची अशी एक चाचणी अमेरिकेत 1988 सालीच तयार झाली होती. 2017 मध्ये 12 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा तोंडी उत्तरांच्या चाचण्यांत समोरासमोर आणि व्हिडिओवर फारसा फरक दिसला नाही. जिथे हाताने काही करायचे असते, तिथे मात्र दुरून तपासणे तेवढे भरवशाचे नाही.

‘मोका’ नावाची प्रसिद्ध चाचणी 30 गुणांची. तीत घड्याळाचे चित्र काढायचे असते. फोनवर ते कसे दिसणार? म्हणून चित्रांचे प्रश्न वगळून ती 22 गुणांची केली जाते. तेव्हा मागच्या वर्षी दवाखान्यात मिळालेले 24 आणि यंदा फोनवर मिळालेले 17 शेजारी ठेवून ‘अज्जी घसरली’ असे घरच्या घरी ठरवू नये. कितीपैकी किती, हे आधी विचारावे.

खरी गडबड होते ती घरात. माझ्या आत्याच्या तपासणीत मी फोन धरून बसले होते. तारीख विचारताच आत्याची नजर भिंतीवरच्या कालनिर्णयावर गेली. पाच शब्दांची वेळ आली, तेव्हा तिचा मुलगा शेजारून ओठ हलवू लागला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला आईंची आठवण बघायचीय, तुमची नाही.”

आईची फजिती होऊ नये, एवढेच त्याच्या मनात होते. पण प्रेमाने मिळवून दिलेले दोन गुण आजार झाकतात. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. गुण चांगले आले की पुढची तपासणी राहून जाते. उलटही घडते. नेटवर्क तुटले, कानाचे यंत्र पेटीतच राहिले, की न ऐकलेला शब्द विसरलेला म्हणून मोजला जातो. मग शहाण्या माणसाला ‘विसरभोळी’ ठरवतात, आणि घराच्या वाटणीच्या वेळी तोच कागद कोणीतरी पुढे करतो.

आपल्या भागात याला भाषेचा पदर आहे. हैदराबादेत 648 स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात दिसले. दोन भाषा हे आपले बळच; पण परीक्षेत तेच आडवे येऊ शकते. शंभरातून सात वजा करत जा : 93, 86, 79. मराठीत ‘एकोणऐंशी’ म्हणताना ऐंशीला एक कमी, असा उलटा हिशेब आहे. कन्नडमध्ये ‘एप्पत्तोंबत्तु’, सरळ सत्तर आणि नऊ. ज्याची शाळा कन्नड, त्याने कन्नडमध्येच मोजावे. जनावरे सांगताना ‘म्हैस, नायी, बेक्कु, वाघ’ असे मिसळले तर तो गोंधळ नव्हे, ती आपली रोजची बोली. फक्त ‘म्हैस’ आणि ‘एम्मे’ हे एकच जनावर धरावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीसंचाच्या पाच भाषांत कन्नड होती, मराठी नव्हती. म्हणून तपासणी कोणत्या भाषेत होणार, हे वेळ ठरवतानाच विचारावे, आणि घरात कोणती भाषा चालते व शिक्षण कोणत्या भाषेत झाले, हेही सांगावे.

बाकी पथ्य साधे आहे. फोन हातात न धरता टेकवून ठेवावा. चष्मा आणि कानाचे यंत्र लावावे, टीव्ही बंद करावा. कॅलेंडर उतरवून ठेवावे. वेळ सकाळची, न्याहारीनंतरची घ्यावी. आवाज तुटला तर लगेच सांगावे. एकच माणूस खोलीत थांबावा, आणि त्याने गप्प बसावे.

आलेले गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे रक्ततपासणी आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट लागते की नाही, एवढेच ते सांगतात. ते खरे सांगावेत असे वाटत असेल, तर ती वीस मिनिटे वडीलधाऱ्यांना त्यांचे त्यांना उत्तर देऊ द्यावे. चुकले तरी चालेल. तपासणी त्यासाठीच आहे.