आईस्क्रीमवाला का पळतोय?

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी चारलाच आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात रूममेट. (एरवी ही बया रात्री नऊच्या आत घरी आली तर आम्ही पेढे वाटू.) पाठीवरची सॅक रिकामी, लॅपटॉप जमा केलेला, आणि दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलेली ऑफिसच्या पँट्रीतली इलेक्ट्रिक किटली. वायर मागे लोळतेय.

"काढलं," ती म्हणाली. "अख्खी टीम. अर्धा तास दिला सामान आवरायला."

"आणि तू किटली आणलीस?"

"वर्गणी मी गोळा केली होती."

अशा वेळी काय बोलायचं, हे मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी मॅगी टाकली आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लावला. आमच्या घरात क्रोसिनच्या शेजारी 'स्टार वॉर्स' असतं.

पिक्चर 1980 चा. ढगांतलं शहर, क्लाउड सिटी. शहराचा कारभारी लँडो स्पीकरवरून सांगतो, एम्पायरचं सैन्य शहर ताब्यात घेतंय, निघा इथून. मग कॉरिडॉरमध्ये जी पळापळ होते, ती अगदी दादरच्या जिन्यावरची. आणि त्या गर्दीत एक इसम, नारिंगी बॉयलर सूट घातलेला, हातात पांढरा डबा घेऊन पळत जातो. सीन जेमतेम दोन सेकंदांचा. डायलॉग शून्य.

"पॉज कर!" रूममेट ओरडली. "ए, हा मी आहे!"

तिला ठाऊक नव्हतं, पण हा माणूस फॅन मंडळींचा लाडका आहे, बॉस. कारण त्याच्या हातातला तो 'डबा' म्हणजे चक्क घरगुती आईस्क्रीम मेकर! प्रॉपवाल्यांची ही जुनी खोड. ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची होती. 1999 च्या 'फँटम मेनेस'मध्ये क्वाय-गॉन जिन ज्यावर गंभीर चेहऱ्याने बोलतो, तो कम्युनिकेटर लेडीज रेझरवरून बनवलेला. आता हे कळल्यावर तो सीन सीरियसली बघून दाखवा.

तर लोकांना प्रश्न पडला, शहर बुडतंय आणि हा बाबा आईस्क्रीम मेकर घेऊन का पळतोय? एक थिअरी साधी : आगीत माणूस हाताला लागेल ते उचलतो. दुसरी : डबा उकळला तर त्यात काहीतरी भलतंच असणार. या लाटेत त्याला विलरो हूड हे नाव मिळालं, गॅसच्या खाणीतली नोकरी मिळाली, आणि खुलासाही मिळाला की डब्यात बंडखोरांच्या संपर्कांची माहिती होती, ती एम्पायरच्या हाती लागू नये म्हणून तो पळाला. पुढे त्याची बाहुली निघाली (आईस्क्रीम मेकरसकट!). फॅन्सच्या संमेलनांत नारिंगी सूट घालून, हातात मशीन घेऊन लोक घोळक्याने पळतात. आणि 2019 च्या 'द मँडलोरियन'मध्ये तर त्याच आकाराच्या डब्यातून हिरोला कामाचा मोबदला मिळतो, मौल्यवान धातूच्या लाद्या. म्हणजे चाळीस वर्षांनी ते मशीन एकदाचं तिजोरी ठरलं.

मला स्वतःला हेरगिरीची थिअरी आवडत नाही. फारच उदात्त आहे. आम्ही दोघींनी मॅगी संपेपर्यंत आमच्या काढल्या. माझी : त्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी सेंड-ऑफ होता आणि मशीन शेजारच्या डिपार्टमेंटकडून उसनं आणलेलं. तिची : तो अ‍ॅडमिनमध्ये होता, आणि वर्गणी त्याने गोळा केली होती.

हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

मग तिने स्वतःहून पहिला पिक्चर लावायला सांगितला, 1977 चा. त्यातला आर फाइव्ह डी फोर आठवतोय? लाल पट्ट्यांचा छोटा रोबो. ल्यूकचे काका फेरीवाल्या जावांकडून हाच विकत घेतात. चार पावलं जातो न जातो, डोक्यातून धूर. खराब माल! मग त्याच्या जागी आर टू डी टू घेतात, आणि पुढचं रामायण घडतं. हा लाल पठ्ठ्या धड चालला असता तर लेयाचा निरोप वाळवंटातच राहिला असता. पिक्चर अर्ध्या तासात खल्लास.

फॅन्सना हा योगायोग पचेना. 1999 मध्ये पीटर डेव्हिडने कॉमिकमध्ये धमाल उडवली : या रोबोला म्हणे 'फोर्स' अवगत होती, भविष्य दिसलं म्हणून त्याने स्वतःला उडवून घेतलं. निव्वळ टिंगल. पण 2017 मध्ये, पिक्चरला चाळीस वर्षं झाली तेव्हा, चाळीस कथांचा संग्रह निघाला, त्यात रे कार्सनने तीच गोष्ट सरळ मनाने लिहिली. आर टू त्याला विनवतो, मला जाणं फार गरजेचं आहे. आणि हा, ज्याला त्या कोंदट गाडीतून बाहेर पडायचा हाच एक चान्स होता, तो स्वतःचा बिघाड करून घेतो. 2023 मध्ये 'मँडलोरियन'च्या तिसऱ्या सीझनमध्ये बिचाऱ्याला परत कामही मिळालं.

हे सगळं मी उत्साहाने सांगत सुटले होते. रूममेट स्क्रीनकडे बघत म्हणाली, "पण त्याच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं असेल? मोटर खराब. एवढंच ना?"

माझ्याकडे थिअरी नव्हती.

विषय बदलायला मी तिला डोकं आपटणारा स्टॉर्मट्रूपर दाखवला. त्याच पिक्चरमध्ये दरवाजातून शिरताना एकाचं हेल्मेट चौकटीला धाडकन लागतं. चूक तशीच राहिली. 2002 च्या पिक्चरमध्ये लुकसने जँगो फेटलाही डोकं आपटायला लावलं, आणि सैन्याचे क्लोन जँगोवरूनच बनलेले, म्हणजे डोकं आपटणं आनुवंशिक! (तोवर क्लोन जाऊन भरतीची पोरं आली होती, असं कट्टर मंडळी सांगतील. सांगू देत.) 2004 च्या डीव्हीडीत तर 'ठक्क' असा आवाजही घातला. आम्ही तो सीन सहा वेळा पाहिला.

सातव्यांदा लावणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. सांगलीहून, आई. शुक्रवारचा नेहमीचा फोन. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पिक्चर थांबवला. भाडं, गाडीचा हप्ता, धाकट्या भावाची फी, हे सगळं मला माहीत होतं. आईला काहीच माहीत नव्हतं.

"हॅलो... हो गं, जेवले. अगं नाही, आज लवकर आले." मग बराच वेळ काही नाही. "आई, ऐक ना. ऑफिसातून ना, मी किटली घरी आणलीय."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मी उठले, तिच्या पायाशी पडलेली ती किटली उचलली, वायर गुंडाळली आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेले.