वही कुणी राखली?

संत तुकाराम नगरात तुकोबांचं नाव दिवसभर कानावर पडतं. मेट्रोच्या डब्यात ते पुकारलं जातं, वल्लभनगर आगारात उतरलेल्या माणसाला रिक्षावाला ते विचारतो, वायसीएममध्ये पेशंटचा डबा घेऊन निघालेली बाई फोनवर पत्ता सांगताना ते घेते. एवढं तोंडी बसलेलं हे नाव. पण तुकोबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटाच बसलेला माणूस येतो. मला आज त्यांच्या सोबत्यांबद्दल लिहायचं आहे. कारण गेल्या काही वर्षांत आमच्या या भागात, एकाच कंपनीत एकाच शिफ्टला उभं आयुष्य काढलेल्या माणसांचे अबोले मी पाहतो आहे. कुणी कुठल्या पक्षाचा, कुणी कुठल्या जातीच्या मोर्चाला गेला, कुणी सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकलं, एवढ्यावर तीस-तीस वर्षांची मैत्री मोडते. हे मला बघवत नाही.

चाकण आज सगळ्यांना माहीत आहे ते गाड्यांच्या कारखान्यांमुळे आणि नाशिक रस्त्यावरच्या कोंडीमुळे. त्याच चाकणचे संताजी जगनाडे. जातीने तेली, घरी घाणा. तुकोबा देहूचे, कुणबी, घरात वाण्याचा धंदा. कीर्तनात तुकोबांच्या मागे टाळ धरून चौदा जण उभे राहत, त्यांतले संताजी एक. खेडजवळच्या कडूसचे गंगाराम मवाळ हे दुसरे, ते ब्राह्मण. तुकोबांच्या तोंडून निघालेला अभंग कागदावर उतरवण्याचं काम परंपरा प्रामुख्याने या दोघांकडे देते. सतराव्या शतकातल्या गावगाड्यात कुणब्याचं बोलणं एक तेली आणि एक ब्राह्मण लिहून घेतात, ही गोष्ट मला आजही थांबवून ठेवते. कुणी कुणाच्या पंक्तीला बसायचं हे जिथे ठरलेलं होतं, तिथे हे तिघे एका ओळीसाठी एकत्र बसत होते.

आपण प्रतिभा म्हणजे एकट्याची मिरास समजतो. गाथा वाचताना मला तसं वाटत नाही. अभंग आधी गायला गेला, टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलून धरलं, मग कुणीतरी तो लिहिला, दुसऱ्याने त्यावरून नक्कल केली. ध्रुवपद धरणारे मागे नसते तर पुढची ओळ तशीच सुचली असती का? मला नाही वाटत. ऐकणाऱ्याचाही निर्मितीत वाटा असतो, आणि तो कधी मुखपृष्ठावर छापला जात नाही.

इंद्रायणीत दोन वेळा कागद बुडाले. पहिल्यांदा तुकोबांनी स्वतःच बुडवले, ती कर्जखतं होती. १६३०-३१च्या दुष्काळाने घर उद्ध्वस्त केलं होतं, तरी धाकट्या भावाच्या वाटणीची खतं त्याच्या हाती ठेवून आपल्या वाटणीची त्यांनी नदीला दिली. दुसऱ्यांदा बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या, आणि त्या बुडवायला लावल्या गेल्या. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप होता की शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये. तेरा दिवस तुकोबा नदीकाठी उपाशी बसले. वह्या कोरड्या वर आल्या असं श्रद्धा सांगते. लोकांना पाठ असलेले अभंग पुन्हा लिहून काढले गेले असं अनेक अभ्यासक मानतात. दोन्ही बाजूंचा मान ठेवून मी एवढंच म्हणेन की पुढची दोनशेहून अधिक वर्षं ही गाथा माणसांनी राखली. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी खर्चाने तिचे दोन खंड निघाले. त्यानंतर ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी संताजींच्या हातच्या म्हणून जपलेल्या वह्यांवरून वेगळी गाथा छापली. पिढ्यान् पिढ्या ते जुनं कागदाचं गाठोडं वाळवीपासून, पावसापासून वाचवलं गेलं, त्यामागे कुणाचे हात होते याचा विचार आपण फारसा करत नाही.

आणि रामेश्वर भट? त्यांचं पुढे काय झालं हे मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. संतचरित्रकार महिपतींनी १७७४ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तलीलामृतात ते आलं आहे. अनगडशहा नावाच्या फकिराच्या जागेतल्या पाण्यात रामेश्वरांनी स्नान केलं, त्याचा कोप झाला आणि अंगाची आग आग होऊ लागली. आळंदीला ज्ञानोबांच्या दाराशी धरणं धरलं तेव्हा दृष्टांत झाला की तुकोबांना शरण जा. तुकोबांनी अभंग लिहून पाठवला आणि दाह शमला. चमत्कार बाजूला ठेवायचा तर ठेवा. पण तुकोबांची जी आरती आज घरोघरी टाळ्या वाजवत म्हटली जाते, तिच्या शेवटी नाव येतं ते याच रामेश्वरांचं. ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्यानेच आरती रचली. माणूस इतका बदलू शकतो, आणि तुकोबांसारखा समोरचा त्याला बदलायला जागा ठेवतो.

तो फकीरही पुढे तुकोबांचा स्नेही झाला. त्याचा कटोरा कुठेच भरेना, तो तुकोबांच्या लेकीने टाकलेल्या चिमूटभर पिठाने भरला, अशी कथा आहे. देहूतून पालखी निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. तिथे अभंग होतो, आरती होते, मग पालखी आकुर्डीच्या वाटेला लागते. वर्षानुवर्षं हे चाललं आहे आणि त्यासाठी कुणाला भाषण करावं लागत नाही.

माझा एक मित्र इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झाला. जानेवारी २०१६ मध्ये आमच्या शेजारच्या एचए मैदानावर ८९वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांच्या वक्तव्यावरून आधी रान उठलं होतं. आम्ही दोघं दोन टोकांची मतं घेऊन पुस्तकांच्या गाळ्यांमधून एकत्र फिरलो होतो. पुढे मतं आणखी लांब गेली, बोलणं कमी झालं. पण त्याची गाथा माझ्याकडे येत राहिली. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं तिला कव्हर, आतल्या बाजूला अजून तारखा दिसतात. तो पेन्सिलीने खुणा करतो. विठ्ठलाला आळवणाऱ्या अभंगांपाशी त्याची रेघ बारीक आणि सरळ, पट्टी लावल्यासारखी. दंभावर आसूड ओढणाऱ्या एका अभंगाशेजारी त्याने लिहिलं होतं, ‘हा तुझा. पण दोनदा वाच.’ मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तो अभंग मला त्याच्या बाजूच्या लोकांना लागू पडतो असं वाटलं, दुसऱ्या वाचनात माझ्या बाजूचेही चेहरे दिसायला लागले. मीही समासात उत्तर लिहिलं आणि गाथा परत पाठवली. त्याचं मत अजून त्याचं आहे, माझं माझं. आता तो अत्रे रंगमंदिराच्या बाजूला संध्याकाळी फिरायला येतो तेव्हा आम्ही बरोबर चालतो, आणि वाद घालतो.

मोबाइलवरच्या संदेशाला तसं उत्तर देता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. तिथे वाचण्याआधीच बोट चालतं. पुस्तकात दुसऱ्याची पेन्सिल दिसली की त्याने या पानावर वेळ घालवला होता हे कळतं, आणि मग त्याला एका शब्दात निकालात काढणं जड जातं.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून प्रस्थान होतं आणि दुसऱ्या दिवशी पालखी दर्ग्यापाशी थांबते. देहू इथून जवळ आहे. ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलं आहे, त्याला त्या सकाळी फोन करा आणि सोबत घेऊन जा. जाता-येता सुदुंबऱ्याला संताजींच्या समाधीपाशीही थांबा.